उद्योग टिकवणारे गुण: मोठी उडी की लहान पुरावा?

सातपूरकर

नाशिकमध्ये एखाद्याचा उद्योग नावारूपाला आला की लोक म्हणतात, त्याने धाडस केले. आणि बंद पडला की म्हणतात, नशिबात नव्हते. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत जॉबवर्कमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या ड्रॉइंगप्रमाणे सुटे भाग करून देण्याच्या कामात, आयुष्य घालवल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की या दोन्ही बोलण्यांतून नव्याने उद्योगात उतरणाऱ्या तरुणाच्या हाती काहीच लागत नाही. कर्ज काढून एकदम तीन-चार सीएनसी (संगणकाने चालणारी) यंत्रे आणणारी धाडसी माणसे मी पुष्कळ पाहिली आणि त्यांतल्या काहींची यंत्रे पुढे बँकेच्या लिलावात गेलेलीही पाहिली. जे टिकले त्यांच्यात मला एक सवय सातत्याने आढळली. मोठी रक्कम, मोठी ऑर्डर किंवा मोठी जबाबदारी मागण्याआधी ते त्याच गोष्टीचा लहान पुरावा तयार करत आणि त्या पुराव्यातून जे निघेल ते मनाविरुद्ध असले तरी मानत. गुणांची लांबलचक यादी करण्यापेक्षा या एका सवयीबद्दल आणि तिच्या आसपासच्या गुणांबद्दल येथे सर्वांनी लिहावे, अशी माझी इच्छा आहे.

आपल्या जिल्ह्यातले सर्वांत ठळक उदाहरण त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांचे आहे. त्यांच्याबद्दल बोलताना पत्नीचे दागिने आणि विम्याच्या पॉलिसीवर काढलेले कर्ज यांचा उल्लेख हमखास होतो, आणि तो त्याग खराच होता. परंतु १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी जे केले, ते उद्योजकाने अधिक बारकाईने पाहावे असे मला वाटते. चित्रपट येथे, आपल्या माणसांकडून बनू शकतो यावर भांडवलदारांचा विश्वास नव्हता. फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा त्याच्यासमोर रोखून ठेवला आणि रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित केली. महिनाभराहून अधिक काळ चाललेली ती वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडताना पाहिल्यावर पैसा घालणारा माणूस तयार झाला, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. त्या छोट्याशा फितीने एकाच वेळी किती गोष्टी सिद्ध केल्या हे लक्षात घ्यावे: कॅमेरा चालतो, फिल्म येथेच धुता येते, तंत्र अवगत झाले आहे, आणि हा गृहस्थ एकच काम दिवसेंदिवस न कंटाळता करू शकतो. भांडवलदाराच्या दृष्टीने यातली शेवटची गोष्ट कदाचित सर्वांत मोलाची असावी. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मला छिद्रे पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम शिकल्या होत्या आणि शिवाय सगळ्या चमूचा स्वयंपाकही सांभाळत होत्या, हेही येथे सांगितलेच पाहिजे. त्या उद्योगाचा निम्मा भार त्यांच्यावर होता.

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी खुंटीवर कड्या फेकण्याचा एक साधा खेळ लोकांना खेळायला दिला होता. कुठे उभे राहायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे होते. काही जण अगदी जवळ उभे राहिले, काही इतके लांब की कडी पडली तर केवळ दैवाने. ज्यांच्यात काहीतरी साध्य करून दाखवण्याची ओढ अधिक होती ते मधल्या अंतरावर उभे राहिले, जिथे यश निश्चित नाही पण कौशल्याने मिळू शकते. उद्योजक जुगारी नसतो, हे यावरून मला फार स्पष्टपणे समजले.

आमच्या शेडमधली एक रीत सांगतो. पाळी सुरू होताना सेटिंग झाले की ऑपरेटर एकच नग काढतो. तो पुसून, बर (कडेला राहिलेला धातूचा खरखरीत भाग) काढून, टेबलावर येतो. बोअर गेजने आणि मायक्रोमीटरने त्याची मापे घेतली जातात, ड्रॉइंगवरच्या टॉलरन्सशी (चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेशी) ताडून वहीत लिहिली जातात आणि तपासणाऱ्याची सही होते. ती सही होईपर्यंत दुसरा नग लावायचा नाही, मग कंपनीची गाडी फाटकात उभी का असेना. व्यास शंभरावा हिस्सा मिलिमीटरने मोठा निघाला तर त्याच वेळी ऑफसेट (यंत्रातले हत्याराच्या जागेचे सेटिंग) दुरुस्त करता येतो. हेच संध्याकाळी कळले तर पूर्ण पाळीचा माल भंगारात जातो आणि वर डेबिट नोट, म्हणजे बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी, येते. नव्या ग्राहकालाही मी हीच रीत लावतो: आधी छोटा लॉट, पहिल्या बिलाचे पैसे कधी येतात ते पाहायचे, आणि मगच उधारीची मर्यादा वाढवायची. माणूस कितीही गोड बोलणारा असला तरी पहिल्या बिलाचे पैसे येण्याची तारीख त्याच्याबद्दल अधिक खरे सांगते.

मोहाडी_शिवार

सातपूरकर दादा, विषय फार चांगला काढलात. शेतीतला उद्योजक म्हणून थोडी भर घालतो. द्राक्षबागेत तुमच्यासारखा पहिला नग काढून पाहता येत नाही. एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठीची) आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी (फळासाठीची) वर्षातून एकेकदाच होते, आणि चुकीचा निर्णय दुरुस्त करायला पुढचा हंगाम उजाडावा लागतो. त्यामुळे आमच्याकडे संयमाला आणि माहिती गोळा करण्याच्या सवयीला तुमच्यापेक्षा जास्त महत्त्व येते.

२०१० च्या हंगामात क्लोरमेक्वॅट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, हे दिंडोरी, निफाड आणि चांदवडच्या बागायतदारांच्या चांगलेच लक्षात आहे. माल गोड होता, रंग-आकार उत्तम होता, फवारणीही सर्वजण करत आले होते तशीच झाली होती. फक्त विकत घेणाऱ्या देशाने कशाची तपासणी सुरू केली आहे याची खबर वेळेवर कोणाला नव्हती. त्यानंतर जे निर्यातदार आणि शेतकरी टिकले ते फवारणीची नोंद तारखेसह ठेवणारे, काढणीआधी प्रयोगशाळेत नमुना देणारे आणि बाहेरच्या बाजारपेठेचे नियम स्वतः वाचणारे होते. विलास शिंदे यांनी आमच्या मोहाडीत सह्याद्री ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी केली, ती या संकटानंतरच्याच काळात. निर्यातीत ते त्याआधीपासून होते, पण सुरुवात मोजक्या शेतकऱ्यांना सोबत घेऊन झाली होती. आज तिथला आवाका पाहून दिपून जाणाऱ्या तरुणांना मी नेहमी सांगतो की बाबांनो, त्या सुरुवातीच्या लहान आकड्याकडे आधी पाहा.

सुला वाइनचे संस्थापक राजीव सामंत यांचेही तसेच आहे. अमेरिकेतली नोकरी सोडून ते नाशिकला घरच्या जमिनीवर आले तेव्हा आल्या दिवशी वाइनरी काढली नाही. आंबा लावून पाहिला, खाण्याची द्राक्षे लावून पाहिली, येथल्या हवामानात काय येते आणि त्याला बाजारात काय भाव मिळतो हे समजून घेतले. वाइनच्या द्राक्षांची लागवड १९९७ मध्ये झाली आणि पहिली वाइन बाजारात यायला २००० साल उजाडले. एवढी वर्षे उत्पन्नाविना धीर धरणे, आणि तरीही दरवर्षी नवीन काहीतरी शिकत राहणे, हा गुण पुस्तकात वाचायला सोपा आहे. घरात कर्त्या माणसाकडे सगळे आशेने पाहत असताना तो निभावणे फार अवघड असते.

पंचवटी_वाचनालय

मी वाणिज्य शाखेत शिकवत होतो, आता निवृत्त आहे. दादासाहेबांच्या उदाहरणाची दुसरी बाजू येथे आली नाही, ती मांडतो. १९१८ मध्ये मुंबईच्या भांडवलदारांबरोबर हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी आपल्या नाशिकमध्ये उभी राहिली. परंतु भागीदारांशी मतभेद होऊन फाळके काही काळातच बाहेर पडले आणि काशीला निघून गेले. पुढे ते परतले, पण बोलपटांच्या काळात त्यांचा जम बसला नाही, आणि १९४४ मध्ये नाशिकलाच त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांची आर्थिक स्थिती चांगली नव्हती. कल्पकता, चिकाटी, हाताने काम करण्याची तयारी, हे सर्व गुण त्या माणसात ओतप्रोत होते. दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत खर्चाचा हिशेब आणि निर्णयाचा अधिकार यांची वाटणी सुरुवातीलाच स्पष्ट करून घेणे हा वेगळा गुण आहे, आणि मराठी उद्योजकांमध्ये त्याची उणीव मला अनेकदा जाणवली आहे. मित्रामित्रांत भागीदारी होते, करारनामा 'नंतर करू' म्हणून राहून जातो, आणि पहिला नफा किंवा पहिला तोटा आला की मैत्री व धंदा दोन्ही संपतात.

हे गुण म्हणजे सवयी आहेत असे सातपूरकर म्हणतात, म्हणजेच ते शिकता येतात, हा त्यांच्या लेखनातला आशावाद मात्र मला रास्त वाटतो. मॅक्लेलंड यांनी १९६० च्या दशकात आपल्याच देशात, आंध्रातील काकीनाडा येथे, व्यापारी-उद्योजकांना प्रशिक्षण देऊन पाहिले होते, आणि प्रशिक्षण घेतलेल्यांनी पुढे अधिक हालचाल केल्याचे आढळले. अलीकडचा पुरावा याहून भक्कम आहे. पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशात १,५०० छोट्या व्यावसायिकांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका गटाला हिशेब, विपणन वगैरेंचे नेहमीचे प्रशिक्षण दिले. दुसऱ्या गटाला स्वतःहून पुढाकार घेणे, पुढच्या संधी व अडचणी आधी ओळखणे आणि अडथळा आल्यावर पर्याय शोधणे यांचा सराव दिला. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही. तिसऱ्या गटाच्या तुलनेत पुढाकाराचा सराव केलेल्यांचा नफा सुमारे ३० टक्क्यांनी वाढला, तर नेहमीच्या प्रशिक्षणाचा परिणाम त्यापेक्षा बराच कमी, संख्याशास्त्राच्या कसोटीवर न टिकणारा होता. ज्यांच्यावर हा प्रयोग झाला ते लोक आपल्या रविवार कारंजा किंवा मेन रोडवरच्या छोट्या दुकानदारांसारखेच होते, म्हणून हा निष्कर्ष आपल्याला अधिक जवळचा आहे.

सिन्नरची_भाजणी

सर्वांचे लेखन मन लावून वाचले. माझा घरगुती मसाले आणि भाजणीचा व्यवसाय आहे, बचत गटातून सुरू झालेला. पुढाकाराबद्दल सरांनी जे लिहिले ते मला शंभर टक्के पटते, कारण आमच्या गटातल्या सगळ्याजणींच्या हाताला चव आहे; दुकानदाराच्या पायरीवर जाऊन 'तुम्ही आमचा माल ठेवाल का' असे विचारण्याची तयारी मात्र मोजक्याच जणींची असते. विचारल्यावर नकार मिळतो. नकार मिळाल्यावर 'का नको' हे विचारणे ही त्याहून पुढची पायरी आहे, आणि खरी माहिती तिथेच मिळते. एका दुकानदाराने मला सांगितले की माल चांगला आहे, पण पाकिटाला आतून तेल सुटते आणि शेजारी ठेवलेली पाकिटे खराब होतात. हे मला घरात बसून कधीच कळले नसते. पाकीट बदलले आणि त्याच दुकानात माल लागला.

सातपूरकर काकांना एक आदरपूर्वक विचारायचे आहे. लहान पुरावा, लहान पुरावा असे करत माणूस कायमचा लहानच राहण्याचा धोका नाही का? आमच्याकडे काहीजणी वर्षानुवर्षे नमुनेच वाटत आहेत. भाव विचारला की संकोचतात, 'द्या तुम्हाला वाटेल ते' म्हणतात. पुरावा पुरेसा झाला हे कसे ओळखायचे?

सातपूरकर

ताई, तुमचा प्रश्न अगदी वर्मावर आहे. पुरावा गोळा करायला सुरुवात करतानाच तो कोणता निकाल दिल्यावर काय करायचे हे लिहून ठेवले नाही, तर तो पुरावा राहत नाही, नुसता वेळ जातो. उदाहरणार्थ, 'या पाच दुकानांपैकी तीन दुकानांनी स्वतःहून दुसऱ्यांदा माल मागवला, तर पल्व्हरायझर (मसाला दळायचे यंत्र) घ्यायचा. नाही मागवला तर मसाल्याचे प्रमाण किंवा भाव बदलायचा,' असे आधीच ठरवावे. आणि नमुना फुकट दिला तर तो पुरावा धरू नये. लोक फुकट मिळालेल्या वस्तूचे कौतुकच करतात. खिशातून पैसे काढून दुसऱ्यांदा घेतात तेव्हाच पसंती कळते. भाव सांगताना संकोच करणे हा आपल्याकडचा मोठा दोष आहे. खर्चाचा हिशेब कागदावर मांडलेला असला, त्यात स्वतःच्या मजुरीचाही आकडा धरलेला असला, की भाव सांगताना आवाज आपोआप स्थिर राहतो.

प्राध्यापक महाशयांनी फाळके यांच्या उत्तरायुष्याबद्दल जे लिहिले ते मला मान्य आहे आणि त्यामुळे चर्चा पूर्ण झाली. करारनामा वेळेवर न करणारा माणूस स्वभावाने भोळा असतो असे नाही, त्याला नको असलेले बोलणे पुढे ढकलायचे असते. जॉबवर्कमध्येही तेच दिसते. यंत्र बंद पडले आणि माल शुक्रवारी जाणार नाही हे बुधवारी सकाळी ठाऊक असते, पण कंपनीच्या खरेदी विभागाला ते शुक्रवारी संध्याकाळी, त्यांचा चौथा फोन आल्यावर सांगितले जाते. बुधवारी सांगितले असते तर त्यांनी असेंब्लीचा क्रम बदलला असता. उशीर माफ होतो, लपवाछपवी माफ होत नाही. वाईट बातमी स्वतः होऊन आणि लवकर सांगणे ही सवय मी पुढाकाराचाच भाग मानतो.

गोंदे_दुसरी_पाळी

नमस्कार. मी गोंदे येथील कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करतो. सोबतच्या मित्राबरोबर गेज (माप तपासायची साधने) आणि फिक्स्चर (यंत्रावर नग पकडून ठेवायची साधने) बनवण्याचा छोटा उद्योग सुरू करण्याचा विचार आहे. घरून विरोध आहे. मित्र म्हणतो की नोकरी सोडल्याशिवाय माणूस जीव तोडून काम करत नाही. हे खरे आहे का?

पंचवटी_वाचनालय

मित्राचे म्हणणे ऐकायला उत्साहवर्धक असले तरी पुरावा त्याच्या विरुद्ध आहे. जोसेफ रॅफी आणि जिए फेंग या संशोधकांनी अमेरिकेतील स्वयंरोजगार सुरू करणाऱ्यांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडला की आधी नोकरी सांभाळून व्यवसाय करणारे आणि मग पूर्णवेळ उतरणारे लोक, एकदम नोकरी सोडणाऱ्यांच्या तुलनेत, व्यवसायातून बाहेर पडण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने कमी असलेले आढळले. त्या काळात त्यांना आपला व्यवसाय चालेल का, आणि आपल्याला तो झेपेल का, हे दोन्ही समजते. तुमच्या नेमणूकपत्रात दुसऱ्या व्यवसायाविषयी कोणती अट आहे ती मात्र आधी वाचा आणि तुमच्याच कंपनीच्या पुरवठादारांशी परस्पर व्यवहार करू नका. सचोटीवर बोट ठेवले गेले तर नाशिकच्या औद्योगिक वर्तुळात ते फार लवकर पसरते.

सातपूरकर

गोंदेकर, यंत्र विकत घेण्याआधी अंबडमध्ये ज्यांच्या व्हीएमसीला (संगणकाने चालणाऱ्या मिलिंग यंत्राला) काम कमी आहे त्यांच्याकडून तासाच्या दराने काम करून घ्या. डिझाइन आणि तपासणी तुमची, यंत्र त्यांचे. पहिल्या काही फिक्स्चरमध्ये तुमचा आणि मित्राचा स्वभाव एकमेकांना जुळतो का हेही कळेल, आणि प्राध्यापकांनी सांगितलेला करारनामा त्याआधीच करून घ्या: भांडवल कोणाचे किती, बँकेत सही कोणाची, एकाला बाहेर पडायचे झाले तर हिशेब कसा. घरच्यांचा विरोध बहुतेक वेळा उद्योगाला नसतो, अनिश्चित रकमेला असतो. 'या कामात मी जास्तीत जास्त इतके पैसे घालीन, त्यापलीकडे नाही, आणि घरावर कर्ज काढणार नाही,' असा आकडा त्यांच्यासमोर ठेवा आणि तो पाळा.

हिशेबनीस_कॉलेजरोड

मी सनदी लेखापाल आहे. माझ्याकडे येणारे उद्योग गुणांअभावी बुडाल्याचे मी क्वचित पाहिले. वसुलीच्या संकोचामुळे गुदमरलेले मात्र पुष्कळ पाहिले. नफा कागदावर असतो आणि पगाराला पैसे नसतात. म्हणून गोंदेच्या तरुणासाठी आणि सिन्नरच्या ताईंसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी लिहितो.

पहिले बिल काढण्याआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या आणि तो क्रमांक बिलावर छापा. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. शिवाय आयकर कायद्यात २०२३ मध्ये अशी तरतूद आली की सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे थकवलेले पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. त्यामुळे मार्चअखेरीस मोठ्या कंपन्यांचे लेखा विभाग स्वतःहून उद्यम प्रमाणपत्र मागू लागले आहेत. ते मागण्याची वाट न पाहता पहिल्या बिलासोबतच जोडून द्या.

कायदा हाताशी असला तरी मोठ्या ग्राहकावर तक्रार करायला लहान उद्योजक कचरतो, आणि त्याची अडचण मी समजू शकतो. म्हणून आधीची सवय महत्त्वाची आहे. दर सोमवारी सकाळी येणे बाकी असलेल्या बिलांची यादी काढा, मुदत संपण्याच्या आठवडाभर आधी लेखा विभागातल्या संबंधित माणसाला फोन करा आणि फक्त एवढेच विचारा की बिल चढले आहे का, माल आवक नोंद झाली आहे का, काही कागद कमी आहे का. निम्म्याहून अधिक वेळा पैसे अडण्याचे कारण हरवलेले चलन किंवा जुळत नसलेला पर्चेस ऑर्डर क्रमांक हेच निघते. मुदतीआधी केलेल्या फोनमध्ये मागणीचा सूर नसतो, त्यामुळे संबंधही बिघडत नाहीत.

सिन्नरची_भाजणी

हिशेबनीस दादा, आमच्याकडे माल पोहोचल्याची सही दुकानातला कोणीही पोऱ्या करतो, आणि महिन्याने मालक म्हणतात की एवढी पाकिटे आलीच नाहीत. अशा वेळी काय करावे?

हिशेबनीस_कॉलेजरोड

ताई, चलन दोन प्रतींत करा आणि आपल्या प्रतीवर सहीबरोबर दुकानाचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय पिशवी खाली ठेवू नका. त्याच संध्याकाळी मालकांच्या व्हॉट्सॲपवर चलनाचा फोटो आणि पाकिटांची संख्या पाठवा. त्यांनी दोन दिवसांत हरकत घेतली नाही तर पुढच्या वेळी माल देताना मागची बाकी त्यांच्याच हस्ताक्षरात तुमच्या वहीत लिहून घ्या. पहिल्यांदा थोडे अवघडल्यासारखे होईल, पण दुकानदार स्वतः त्यांच्या घाऊक व्यापाऱ्याशी असेच वागत असतात, त्यामुळे त्यांना त्याचे वाईट वाटत नाही.